साखळीच्या कड्या

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

बॅप्टिस्टांच्या सुरुवातीवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. तरुण संघात बोलायला वीस मिनिटं आणि मसुदा सतरा पानी, पण त्याचं नंतर बघू. आधी पहिल्या पानाबद्दल. तिथे तू एक तक्ता काढला आहेस. वर यार्देन नदी आणि बाप्तिस्मा करणारा योहान, मग चौथ्या शतकातले आफ्रिकेतले डोनाटिस्ट, मग बाराव्या शतकातले युरोपातले वाल्डेन्सियन, मग सोळाव्या शतकातले, मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा देणारे ॲनाबॅप्टिस्ट, आणि सगळ्यात खाली बॅप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा हा मंडळीत घेण्याचा पाण्याचा विधी विश्वास धरल्यावरच करावा असं मानणारे. मधे सुबक बाण. हा तक्ता काढून टाक.

रागावू नकोस. तुझ्याच वयाचा असताना मी असाच तक्ता खडूने फळ्यावर काढला होता, तोही भर सभेत. मागच्या बाकावर एक म्हातारे पाळक बसले होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरा, या मधल्या हजार वर्षांच्या कड्या कुठल्या दुकानातून आणल्यास?" मला उत्तर देता आलं नाही. तशा तक्त्यांची चलती एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फार होती. आपली मंडळी सर्वांत जुनी, आपली परंपरा कधी तुटलीच नाही, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? पण डोनाटिस्टांना सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बॅप्टिस्टांशी जोडणारा पुरावा कोणाकडे नाही. आणि गंमत अशी की एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला बाप्तिस्मा देत आलेली ही साखळी हवी की नको, याच प्रश्नावर पहिले बॅप्टिस्ट एकमेकांशी भांडले आणि फुटले. तू ज्यावर पांघरूण घालते आहेस तोच तुझा विषय आहे.

आता पान चारकडे वळ. तिथे जॉन स्मिथवरचा एक परिच्छेद तू पेन्सिलने खोडलास आणि समासात लिहिलंस, "हे सांगायची गरज आहे का?" आहे. भाषणाची सुरुवातच तिथून कर.

जॉन स्मिथ हा केंब्रिजला शिकलेला, इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा दीक्षित पाळक. लिंकन शहरात प्रवचनं देत असे, तिथून त्याला काढलं. पुढे गेन्सबरोला तो राजमान्य चर्च सोडून वेगळ्या जमणाऱ्या फुटीर लोकांच्या एका छोट्या मंडळीचा पाळक झाला. जवळच स्क्रूबी गावात त्यांच्याच विचारांचा दुसरा गट जमत असे. 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेल्यांचं मूळ तिथलं. राजा जेम्सच्या अमलात असं जमणं म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवणं, म्हणून 1608 च्या सुमारास स्मिथची मंडळी ॲम्स्टरडॅमला गेली. मंडळीतला सधन माणूस टॉमस हेल्विस. या स्थलांतराचा पैसा आणि खटपट बरीचशी त्याची. त्याची बायको जोन हिला मात्र यॉर्कच्या किल्ल्यात कैद सोसावी लागली. हे वाक्य गाळू नकोस.

ॲम्स्टरडॅममध्ये त्यांना यान मुंटर नावाच्या मेनोनाइट (ॲनाबॅप्टिस्टांपैकीच एका शांत पंथाच्या) माणसाच्या जुन्या बेकरीत आसरा मिळाला. त्यांची उपासना कशी चाले हे ह्यू आणि ॲन ब्रॉमहेड या जोडप्याने एका पत्रात लिहून ठेवलं आहे. सकाळी आठला सुरू, बारापर्यंत. दुपारी दोनला पुन्हा सुरू, पाच-सहापर्यंत. आधी पवित्र शास्त्राचे एकदोन अध्याय वाचायचे, अर्थावर चर्चा करायची, मग पुस्तकं बाजूला ठेवायची. प्रार्थना करून एकजण उठून बोले, मग दुसरा, मग तिसरा, वेळ असेल तर चौथा-पाचवाही. शेवटी गरिबांसाठी दान आणि त्यानंतर मंडळीचा कारभार. (तुला वीस मिनिटं कमी वाटतात म्हणे.) पुस्तकं बाजूला ठेवण्यामागे स्मिथचा आग्रह होता. भाषांतर हे माणसाचं काम, मग उपासनेच्या ऐन गाभ्यात ते हातात कशाला, असं तो म्हणे. माणूस एकदा विचाराच्या मागे लागला की टोकापर्यंत जायचा.

तसाच तो बाप्तिस्म्यापर्यंत गेला. मंडळी म्हणजे विश्वास धरणाऱ्यांचा समुदाय, तर विश्वास म्हणजे काय हेच न कळणाऱ्या तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा कसला? नव्या करारात त्याला तसा दाखला सापडेना. मग आपला स्वतःचा लहानपणीचा बाप्तिस्माही बाप्तिस्मा नव्हे, म्हणजे आपली मंडळीही अजून मंडळी नव्हे. 1609 साली त्यांनी मंडळी मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं ठरवलं. पण सुरुवात कोण करणार? बाप्तिस्मा देणाऱ्याचा बाप्तिस्मा कोणी करायचा?

स्मिथने पाणी घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ओतलं. मग हेल्विसच्या, मग बाकीच्यांच्या. सगळे मिळून चाळिसेक जण. बुडवून बाप्तिस्मा हा नंतरचा भाग, त्या दिवशी पाणी ओतलं होतं. मसुद्यात तू नदी लिहिली आहेस, ती काढ.

तुला लाज कशाची वाटली ते मला कळतं. स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा करणारा माणूस हास्यास्पद दिसतो, आणि विरोधकांनी त्याची टर उडवलीही. पण थोडं थांबून बघ. साखळीवर विश्वास नाही म्हणणाऱ्याला पहिली कडी स्वतःच्याच हाताने घडवावी लागणार. तर्काचं पाऊल चुकलेलं नाही, फक्त ते टाकायला माणूस लागतो.

पुढे काय झालं ते तू एका ओळीत उरकलंस. थोड्याच काळात स्मिथचं मन खाऊ लागलं. हाकेच्या अंतरावर वॉटरलँडर नावाच्या गटाचे मेनोनाइट होते, तेही मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे. ती खरी मंडळी असेल तर आपण त्यांच्याकडे जायला हवं होतं, स्वतःच पाणी ओतून घेण्याची घाई केली. त्याने त्यांच्याकडे प्रवेशासाठी अर्ज केला. हेल्विस हबकला. त्याने आणि आणखी काही मोजक्या लोकांनी 1610 मध्ये मेनोनाइटांना कळवलं की यांना घेऊ नका. मुद्दा काय, तर जो कोणी त्याच आत्म्याने प्रेरित होऊन तेच वचन सांगतो, तो बाप्तिस्मा देऊ शकतो. अमक्याने तमक्याला दिला, तमक्याने पुढच्याला, अशी परंपरा शोधायला लागलात तर पुन्हा पोपच्याच दारात जाल. ज्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला, त्याच माणसाला हेल्विसने मंडळीबाहेर काढलं. सोबत उरली जेमतेम दहा माणसं.

मला विचारशील तर दोघांपैकी माझा जीव स्मिथवर आहे. 1612 च्या ऑगस्टमध्ये तो वारला. शेवटच्या लिखाणात त्याने आपल्या जुन्या कडवट भाषेबद्दल खेद केला आणि बाह्य विधींवरून यापुढे कोणाशी वाद घालणार नाही म्हणाला. पोटापाण्यासाठी तो वैद्यकी करत असे, गरिबांकडून पैसे न घेता. त्याचे लोक 1615 मध्ये मेनोनाइटांत सामील झाले आणि त्यांचा वेगळा इतिहास तिथे संपला. म्हणजे पहिला बॅप्टिस्ट म्हणून ज्याचं नाव घेतात, तो मरताना बॅप्टिस्ट राहिला नव्हता. तुझ्या तक्त्यात हा बाण कुठे काढशील?

पण इतिहास पुढे नेला हेल्विसने. छळापासून पळून येणं हीच चूक झाली असं त्याला वाटू लागलं आणि मूठभर लोकांना घेऊन तो लंडनला परतला. शहराच्या भिंतीबाहेर स्पिटलफील्ड्स भागात इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. परतण्याचा काळ लक्षात घे. 1612 च्या मार्चमध्ये स्मिथफील्डला बार्थोलोम्यू लेगेटला आणि एप्रिलमध्ये लिचफील्डला एडवर्ड वाइटमनला पाखंडी म्हणून जाळलं होतं. इंग्लंडमध्ये पाखंडासाठी जाळलेला वाइटमन हा शेवटचा माणूस. बालबाप्तिस्मा नाकारणं हाही त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक. त्याच वर्षी हेल्विसने छोटं पुस्तक छापलं आणि एका प्रतीवर राजासाठी स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला. ती प्रत आजही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मजकुराचा आशय असा: राजा हा मर्त्य माणूस आहे, देव नव्हे, म्हणून प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाही. खाली सही आणि पत्ता, लंडनजवळचं स्पिटलफील्ड. पत्ता लिहिला, हे बघ! पुस्तकात तो आणखी पुढे जातो: कोणी पाखंडी असो, तुर्क असो, यहुदी असो, त्याला धर्मावरून शिक्षा करणं हे पृथ्वीवरच्या सत्तेचं काम नव्हे. तुर्क म्हणजे त्या काळच्या भाषेत मुसलमान. हेल्विसची रवानगी न्यूगेटच्या तुरुंगात झाली आणि 1616 च्या सुमारास तो गेलेला होता.

एक दुवा तुझ्या मसुद्यात सुटला आहे. पाण्यावरून राजाला एवढा राग का यावा? 1538 पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायचा हुकूम होता. मूल जन्मलं की चर्चमध्ये आणि राज्यात एकाच पाण्याने दाखल होई. तान्ह्याचा बाप्तिस्मा नाकारणारा माणूस राजाच्या नोंदवहीतूनच नाव काढून घेत होता. शिवाय 1534-35 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात ॲनाबॅप्टिस्टांनी सत्ता बळकावून जो रक्तपात ओढवला, त्याची धास्ती शंभर वर्षं गेली नाही.

म्हणून 1644 मध्ये लंडनच्या सात मंडळ्यांनी आपला विश्वासनामा छापला तेव्हा शीर्षकातच सांगून टाकलं की लोक आम्हाला ॲनाबॅप्टिस्ट म्हणतात, पण ते खोटं आहे. या सात मंडळ्या हेल्विसच्या वंशातल्या नव्हेत. हेल्विसचे ते जनरल बॅप्टिस्ट, ख्रिस्त सर्वांसाठी मेला म्हणणारे. हे पर्टिक्युलर बॅप्टिस्ट, देवाने निवडलेल्यांसाठी मेला म्हणणारे, सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या वळणाचे. दोन झरे वेगळे फुटले, एकातून दुसरा निघाला नाही. बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत या दुसऱ्यांनी लिहून पक्की केली. आणि शेजारी टीपही दिली की देणारा आणि घेणारा दोघांच्या अंगावर सोयीचे कपडे असावेत, मर्यादा राखून. अशी टीप का द्यावी लागली? हे लोक बायाबापड्यांना उघडं करून नदीत बुडवतात, अशी कुजबुज पसरवली जात होती म्हणून. विश्वासनाम्यातला कपड्यांचा उल्लेख वाचला की मला त्या गल्लीतल्या बायकांचे आवाज ऐकू येतात.

साखळीचा प्रश्न इथेही आला. बुडवायचं ठरलं, पण आपल्यापैकी कोणीच तसा बुडालेला नाही, तर पहिल्याला कोण बुडवणार? हॉलंडमध्ये बुडवून बाप्तिस्मा देणारे आहेत असं ऐकलं होतं, आणि रिचर्ड ब्लंटला डच येत असे, म्हणून त्याला तिकडे पाठवलं. तो परत आला आणि मग एकमेकांना बुडवणं सुरू झालं. जॉन स्पिल्सबरीला मात्र ही वणवण अनावश्यक वाटे. जिथे सुरुवात आहे तिथे कोणीतरी पहिला असणारच, असं त्याचं म्हणणं. तिकडे अमेरिकेत रॉजर विल्यम्सने प्रॉव्हिडन्सला 1638-39 च्या सुमारास इझीकिएल हॉलिमनच्या हातून बाप्तिस्मा घेतला, लगेच उलट हॉलिमनला दिला, आणखी दहाएक जणांना दिला, आणि काही महिन्यांत मंडळी सोडली. कारण? हा अधिकार आपल्याला दिला कोणी, ही शंका. स्मिथ, ब्लंट, विल्यम्स: तिघांच्याही पायात तोच काटा. तुझं भाषण या तिघांवर उभं राहू शकतं.

आणखी एक तक्रार. सतरा पानांत जोन हेल्विसखेरीज एका बाईचंही नाव नाही. ब्रिस्टलच्या ब्रॉडमीड मंडळीची नोंदवही वाच. डोरोथी केली नावाची विधवा हाय स्ट्रीटवर किराणा दुकान चालवायची. नाताळचा सण शास्त्रात कुठे नाही म्हणून ती त्या दिवशी दुकान उघडं ठेवून सगळ्यांना दिसेल असं शिवत बसायची. डोळ्यांसमोर आण: गाव चर्चला चाललंय आणि ही बाई सुईत दोरा ओवते आहे. पुढे तिने मॅथ्यू हॅझर्ड या राजमान्य चर्चच्या पाळकाशी लग्न केलं, आणि 1640 मध्ये नवऱ्याच्याच चर्चच्या प्रार्थना सोडून ती चार जणांबरोबर वेगळी जमू लागली. ती मंडळी पुढे बॅप्टिस्ट झाली. पाळकाच्या घरात त्या काळी जेवणाच्या वेळी काय बोलणं होत असेल, देव जाणे.

बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरीची पाच पानं काढून वेगळी ठेव. त्याने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मोडी लिपीत शब्दकोश छापला, पंडित वैजनाथांच्या मदतीने, तेही महाराष्ट्रात पाऊल न टाकता बंगालमध्ये बसून. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे आणि वैजनाथांना त्यात निम्मी जागा द्यावी लागेल.

तू मला विचारलंस, "काका, आपण तर बॅप्टिस्ट नाही, मग हे आपल्या मंडळीत कशाला?" 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात उत्तर भारतातले बॅप्टिस्टही आले. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती तिथे मान्य झाल्या. यान मुंटरच्या बेकरीतला वाद आपण एका छपराखाली घेऊन बसलो आहोत. माझा बाप्तिस्मा तीन महिन्यांचा असताना झाला. 1609 च्या स्मिथने मला उभं केलं नसतं. 1612 च्या स्मिथने कदाचित बाकावर सरकून जागा दिली असती.

गुरुवारी संध्याकाळी ये. खोडलेला परिच्छेद पुन्हा नीट लिहून आण, आणि तो मोठ्याने वाचायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघ.

तुझा,
काका

ता. क. मसुद्यात एके ठिकाणी "बॅप्टिस्ट पंथाचा संस्थापक" असं लिहिलं आहेस आणि पुढे नावाची जागा मोकळी सोडली आहेस. ती मोकळीच राहू दे.