उशीवर केस नव्हते

"केस खाल्ले की पोटात गोळा होतो म्हणतात, खरं का?" हा प्रश्न पालक बहुधा माझ्याकडचं समुपदेशन संपवून निघताना, दारात उभं राहून विचारतात. या आईने तोही विचारला नव्हता. तिची तक्रार वेगळीच होती. साडेचार वर्षांची मुलगी केस उपटते, कानामागे नाण्याएवढं टक्कल पडलंय. "हातावर मारलं, टोपी घातली, तरी तेच."

मी झोप, शाळा, धाकटं भावंड असं नेहमीचं विचारत गेले. अर्ध्या तासाने सहज म्हटलं, "उपटलेले केस कुठे सापडतात? उशीवर?"

आई गप्प झाली. "सापडतच नाहीत हो."

हा प्रश्न आता मी पहिल्या पाच मिनिटांत विचारते.

जेवताना एखादा केस गेला तर तो शौचावाटे निघून जातो, त्याचा धसका नको. रोज थोडे थोडे गिळले जाणं वेगळं. केस केराटिन या चिवट प्रथिनाचा असतो, तो पचत नाही. शिवाय गुळगुळीत, त्यामुळे जठराच्या आकुंचनाने पुढेही सरकत नाही. घड्यांत अडकतो, त्यात दुसरा गुंततो, अन्नाचे कण चिकटतात. हळूहळू जठराच्याच आकाराचा गोळा होतो. कधी त्याची शेपटी लहान आतड्यात उतरते. त्याला रापुन्झेल सिंड्रोम म्हणतात, १९६८ पासून. नाव परीकथेतल्या लांब केसांच्या मुलीचं असलं तरी गोळ्याने किंवा त्याच्या तुटलेल्या तुकड्याने आतडं बंद पडू शकतं.

पुढे विचारलं तेव्हा आई म्हणाली, दोन महिने जेवण कमी झालंय, चार घासांत पोट भरतं, तोंडाला वास येतो. मी समुपदेशन तिथेच थांबवलं आणि बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. सोनोग्राफीत गोळा दिसला, शस्त्रक्रिया करून काढावा लागला. हिमोग्लोबिनही कमी होतं. लोह कमी असलेली मुलं माती, खडू, केस असं नको ते तोंडात घालतात. लोहाचं औषध सुरू झालं.

(हिरवट उलटी, फुगलेलं पोट, शौच-वायू बंद, कळा येऊन रडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. घरचं रेचक तर अजिबात नको.)

माझं काम त्यानंतर सुरू झालं. आठवडाभर आईने फक्त नोंद ठेवली: हात केसांत कधी जातो? पेंग आली की, तोंडात अंगठा असताना. हट्टाचा काही संबंधच नव्हता. झोपताना हातात झालरीचा मऊ रुमाल दिला. मुलीला विचारून केस आखूड कापले. हात वर गेला की ओरडायचं नाही, न बोलता रुमाल पुढे करायचा. ओरडलं की हेच पांघरुणाखाली सुरू होतं, आणि तिथे केस कुठे गेला ते बघायला कुणी नसतं. पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांची केस उपटायची सवय आपोआप सुटते, हे मी आईला सांगितलं; पण गिळण्याच्या बाबतीत तसं थांबून चालत नाही, हेही.

"मी तिला मारत होते," ती दोनतीनदा म्हणाली. मी ते खोडलं नाही, ऐकून घेतलं.

तीन महिन्यांनी आई तिला घेऊन आली तेव्हा तपासणीत पोटात गोळा नव्हता. खुर्चीत बसायच्या आधीच आई सांगू लागली, "काल उशीवर सात केस सापडले!" मोजून आली होती.