जांघ आवळल्यासारखी वाटते? ताणण्याआधी तपासा

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या अंबडला ऑफिसात दिवसाचे नऊ तास बसून काम, संध्याकाळी जिम. जांघेत पुढून कायम आवळल्यासारखं वाटतं, स्क्वॉटमध्ये खाली गेलं की तिथेच चिमटा बसतो. ट्रेनर म्हणाले हिप फ्लेक्सर, म्हणजे मांडी वर उचलणारे स्नायू, टाइट आहेत. चार महिने रोज स्ट्रेच करूनही फरक नाही, आणि पावसाळा संपला की हरिहर गड करायचाय.

चार महिन्यांत काहीच हललं नाही, तर बहुधा स्ट्रेच चुकतोय किंवा स्नायू मुळात आखूड नाहीच. आवळल्यासारखं वाटणं ही जाणीव आहे, त्यावरून लांबी कळत नाही. कमजोर, लवकर दमणारा स्नायूही अगदी असाच आवळल्यासारखा वाटतो. त्याला नुसतं ताणत राहिलात तर तासाभरापुरतं मोकळं वाटेल, एवढंच.

हिप फ्लेक्सर हा एक स्नायू नव्हे. सोआस कमरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी निघतो, इलिअ‍ॅकस कटीच्या हाडाच्या आतल्या खोलगट भागातून. दोघे एकत्र येऊन मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने, वरच्या टोकाजवळ जोडले जातात. या जोडीला इलिओसोआस म्हणतात. रेक्टस फेमोरिस मांडीच्या पुढच्या भागातला. तो खुबा आणि गुडघा दोन्ही सांधे ओलांडतो. बाहेरच्या अंगाला टेन्सर फॅशिया लाटा असतो. गुडघा कमरेच्या वर न्यायचा असेल तर मुख्य भार इलिओसोआसवर येतो, कारण त्या उंचीवर बाकीचे स्नायू आधीच इतके आखडलेले असतात की त्यांचा जोर उरत नाही. हरिहरच्या उभ्या कोरीव पायऱ्यांवर नेमकी हीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते.

आधी लांबी तपासा. मजबूत टेबलाच्या अगदी कडेला बसा, दोन्ही गुडघे छातीशी घेऊन मागे झोपा, कंबर टेकलेली ठेवा. एक गुडघा हातांनी धरून दुसरा पाय सावकाश सोडा. मांडी टेबलाच्या पातळीला आली आणि गुडघा साधारण ८० ते ९० अंशांत लोंबला, तर लांबी ठीक आहे. मांडी वरच राहिली तर कुणाला तरी तो गुडघा हळूच सरळ करायला सांगा. त्याने मांडी खाली आली तर अडसर रेक्टसचा, नाही आली तर इलिओसोआसचा. मांडी बाहेरच्या बाजूला पळत असेल तर टेन्सरकडे पाहा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे धरलेला गुडघा ढिला सोडणं. मग कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि आखूड स्नायूही लांब भासतो.

मग ताकद. सरळ उभे राहा, हातांनी एक गुडघा कमरेच्या वर ओढा आणि हात सोडा. मागे न झुकता तो तिथेच १५ सेकंद राहिला पाहिजे. लगेच खाली आला किंवा मांडीत गोळा आला तर ताकद कमी आहे. बैठं काम करणाऱ्यांनी ही चाचणी चुकवू नये.

स्क्वॉटमधला चिमटा मात्र वेगळा विषय आहे. तळाला हे स्नायू सर्वांत ढिले असतात, त्यामुळे आखूड हिप फ्लेक्सर तिथे अडवूच शकत नाही. बहुतेक वेळा मांडीचं हाड आणि खुब्याच्या वाटीची कड यांच्यात जागा कमी पडते. पावलं थोडी रुंद ठेवा, चवडे १५ ते ३० अंश बाहेर वळवा आणि चिमटा बसायच्या आधी थांबा. प्रत्येकाच्या खुब्याची ठेवण वेगळी असते. शेजारच्याच्या खोलीशी बरोबरी करू नका.

पोश्चरबद्दल एवढंच: कटी थोडी पुढे झुकलेली असणं सामान्य आहे, काहीही न दुखणाऱ्यांचीही असते. आरशात कमरेची कमान दिसली म्हणून घाबरून स्ट्रेच करू नका. दर ४०-४५ मिनिटांनी उठून दोन मिनिटं चाला. त्याने जास्त फायदा होईल.

चाचणीत लांबी खरंच कमी निघाली तरच स्ट्रेच करा. एक गुडघा जमिनीवर, खाली उशी. आधी त्याच बाजूचं नितंब घट्ट आवळा आणि ओटीपोट आत घेऊन शेपटीचं हाड खाली वळवा, मग जेमतेम दोन इंच पुढे सरका. ३०-४५ सेकंद, ३ वेळा. बहुतेक जण थेट पुढे झुकतात. कंबर वाकते, ताण मणक्यांवर जातो आणि जांघ होती तशीच राहते. टाकळीच्या समर्थ रामदासांच्या गावात सूर्यनमस्कार शिकवायला नकोत, पण त्यातल्या अश्वसंचलनातही मागच्या पायाचं नितंब आवळलंत तरच जांघेला खरा ताण बसतो.

ताकदीसाठी आठवड्यातून २-३ दिवस द्या. पाठीवर झोपून दोन्ही पावलांभोवती छोटा बँड घाला, गुडघे ९० अंशांत. एक पाय ३ सेकंदांत सरळ करा, दुसरा गुडघा जागचा हलू देऊ नका. प्रत्येक बाजूला ८, असे ३ सेट. दोन आठवड्यांनी उभे राहून, बूट घालून, ४ किलोच्या केटलबेलच्या कडीत पाऊल अडकवा, बोटं वर ओढून धरा आणि गुडघा कमरेच्या वर न्या. वर २ सेकंद थांबा. ८ ते १२ रेप्सचे ३ सेट. आधाराला भिंत धरली तरी चालेल, मागे झुकणं चालणार नाही. बारा स्वच्छ जमले की २ किलो वाढवा. जोडीला लांब पावलाचे स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली जाणं), ८ चे ३ सेट. यात मागच्या पायाचा स्नायू लांब होऊनही काम करतो. पाय दाबून धरून सिट-अप मारणं म्हणजे ही तयारी नव्हे. त्यात वरच्या अर्ध्या टप्प्यात हिप फ्लेक्सरच ओढतात खरे, पण गुडघा उंच धरायची सवय त्याने लागत नाही आणि कंबर मात्र कुरकुरते.

सहाव्या आठवड्यापासून पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून एकदा चढा. जमेल तिथे दोन-दोन पायऱ्या घ्या, पण हाताने मांडीला रेटा न देता. चढताना जांघेत नुसता टक आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर काळजी नको. रात्री झोपमोड करणारं जांघेतलं दुखणं, ताप, पायाला मुंग्या, खोकताना येणारा फुगवटा किंवा पायावर भार न घेता येणं, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठा. पूर्वी जास्त दिवस स्टिरॉइड घेतलं असेल तर जांघेतलं दुखणं अंगावर काढूच नका. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो आणि सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.