आरोग्य विमा घेताना मिळणाऱ्या माहितीपत्रकात नेमकं काय पाहायचं?

१ जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्यासोबत ठरावीक नमुन्यातलं ग्राहक माहितीपत्रक देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. मराठीत हवं असेल तर तसं मागा. सगळ्यात आधी खोलीभाड्याची मर्यादा शोधा, खरा फटका तिथेच बसतो. समजा मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि मिरजेच्या दवाखान्यात खोली घेतली ८,००० ची. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल, तर रोजचे ३,००० जातातच, शिवाय डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे ६२.५ टक्केच मंजूर होतो. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांना मात्र ही कपात लागत नाही. लावली असेल तर लेखी तक्रार कराच. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३६ महिने. अटी पटल्या नाहीत, तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.