हिंजवडीतल्या ग्रुपवर नव्या क्रिप्टो टोकनच्या रिवॉर्ड कॅम्पेनची लिंक आली आहे. भाग घ्यावा का?

आधी टोकन तपासा. कॉन्ट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरून घ्या, ग्रुपवरच्या लिंकवरून अजिबात नको. टोकन इथेरियम या ब्लॉकचेनवर असेल तर पत्ता इथरस्कॅनवर, म्हणजे तिथल्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, टाका. सोर्स कोड ‘व्हेरिफाइड’ (कुणालाही वाचता येईल असा) नसेल तर तिथंच थांबा. असेल तर ‘मिंट’ फंक्शन कुणाच्या हातात आहे ते बघा. मालक हवी तेवढी टोकन काढू शकत असेल तर तुमच्या बक्षिसाची किंमत कधीही मातीमोल होऊ शकते. मग ‘होल्डर्स’ टॅब. एक्स्चेंज आणि लॉक कॉन्ट्रॅक्ट (टोकन ठरावीक काळ अडकवून ठेवणारे) वगळून पहिल्या दहा वॉलेटांकडे, म्हणजे टोकन ठेवायच्या खात्यांकडे, निम्म्याहून जास्त टोकन असतील, तर एक्स्चेंजवर लिस्टिंग होताच तीच मंडळी विकून मोकळी होऊ शकतात.

वॉलेट नवं, रिकामं वापरा. ‘क्लेम’ दाबल्यावर तुमचेच यूएसडीटी (डॉलरशी भाव जोडलेली टोकन) खर्चायचं ‘अप्रूव्हल’, म्हणजे परवानगी, मागितलं तर नाकारा. बक्षीस घ्यायला ते लागत नाही! सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेटच्या गुप्त चावीचे, 12 किंवा 24 शब्द मागितले, तर ती सरळ चोरी.

सगळी कमाई माणसं जोडण्यावरच असेल तर नादी लागू नका. गेनबिटकॉइन या बिटकॉइन घोटाळ्याचं ‘18 महिने, दरमहा 10 टक्के’ हे आमिष पुण्यातल्या कितीतरी घरांना भोवलंय.

आणि हो, विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के कर अधिक सेस. दुसऱ्या टोकनमधला तोटा त्यातून वजा होत नाही.