स्मृतिभ्रंशाच्या स्टडीत सही कुणाची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सातारा): सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, हॉस्पिटलवाले एका स्टडीत घ्यायचं म्हणतायत. आंघोळ, गोळ्या, रात्रीचं उठणं सगळं माझ्याकडे, पण सही पुण्याचे थोरले दीरच करणार असं घरात ठरलंय. बरोबर आहे का हे?

उत्तर: ताई, थोरल्याचीच सही हवी असा नियम कुठेही नाहीये. आयसीएमआरच्या (देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माणसाला स्वतःला संमती देता येत नसेल तरच त्याच्या वतीने दुसरं कुणी सही करतं, म्हणजे आधी विचारायचं सासूबाईंना. सकाळी चहा झाला की, डोकं ताजं असताना, छोट्या छोट्या वाक्यांत सांगा आणि मग त्यांनाच म्हणा, काय करणारेत सांगा बघू. सुरुवातीच्या टप्प्यात पुष्कळ जणांना नीट सांगता येतं. नाही जमलं तरी रक्त घेताना त्यांनी हात ओढून घेतला तर तो नकारच, सही कुणाचीही झालेली असो. दीर करू देत सही, पण त्याआधी रिसर्चवाल्यांसमोर तुम्ही बसा, कारण रिक्षा करून त्यांना नेणार तुम्ही आणि त्या कशाला घाबरतात तेही तुम्हालाच माहितीये. जी बाई सगळं करते तिला फॉर्मसुद्धा दाखवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न: डॉक्टर आमचे जुने, अगदी देवमाणूस. त्यांनी स्टडीत या म्हटलं तर नाही कसं म्हणायचं?

उत्तर: सरळ म्हणायचं. नकार दिलात किंवा मधेच बाहेर पडलात तरी नेहमीची ट्रीटमेंट थांबवता येत नाही. फॉर्म मराठीत मागा, घरी न्या, एक कॉपी तुमच्याकडे राहते. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन योग्य रीतीने होतंय ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का हेही विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही.

प्रश्न: बाबांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही, बहिणीचं लग्न जमायचंय. स्टडीत घेऊ का?

उत्तर: काळजी कळते मला. माहिती गुप्त ठेवणं रिसर्चवाल्यांवर बंधनकारक आहे. पण 'रूटीन तपासणी' म्हणून बाबांना नेऊ नका, प्लीज. आजाराच्या नावावर अडू नका, 'विसरायला होतंय ना, त्याचा अभ्यास आहे, तुमच्या उपचारासाठी नाही, पुढच्या लोकांसाठी' एवढं तरी सांगायलाच हवं.

प्रश्न: मेंदूदान केलं तर अंत्यविधी अडतो का?

उत्तर: नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या हॉस्पिटलात ब्रेन बँक आहे, म्हणजे दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपून ठेवतात, मेंदू काढून घेतल्यावर देह घरच्यांना परत मिळतो. फक्त हे सगळं मृत्यूनंतर काही तासांतच व्हावं लागतं आणि घरच्यांची संमतीही तेव्हाच लागते, म्हणून आत्या-काकांशी आत्ताच बोलून ठेवा.