टीव्हीवर जास्त काय बघितलं जातं, अ‍ॅथलेटिक्स की मोटर रेसिंग? हॉटेलच्या पडद्यासाठी हिशेब

मालक, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात होटगी रोडला चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे, मागं चाळीस-पन्नास खुर्च्या मावतील एवढं अंगण आहे, आणि क्रिकेट नसेल त्या दिवसांत मोठ्या पडद्यावर काहीतरी लावून गिऱ्हाईक बसवायचंय. पोरं म्हणतात फॉर्म्युला वन (एफ-वन) म्हणजे मोटारींच्या शर्यती लावा, भाऊ म्हणतो भालाफेकीतल्या नीरज चोप्रामुळं आता अ‍ॅथलेटिक्सही चालतं. मग टीव्हीवर नक्की जास्त काय बघितलं जातं?

वर्षभराचे आठवडे धरले तर मोटर रेसिंग. एखादीच मोठी रात्र धरली तर आपल्याकडं अ‍ॅथलेटिक्स, आणि त्या रात्री रेसिंग त्याच्या जवळपासही नसतं. हॉटेलचा धंदा आठवड्यावर चालतो, म्हणून माझा कल रेसिंगकडं आहे. पण भालाफेकीच्या रात्री सोडू नका. कारणं समजून घेतलीत तर कुठली रात्र पकडायची ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी आकड्यांचं बघू, कारण निम्मा घोळ तिथंच आहे. 'इतक्या कोटी लोकांनी पाहिलं' या वाक्याचे तीन वेगळे अर्थ होतात. पहिला, किती जण येऊन डोकावून गेले. भारतात बार्क ही संस्था एक मिनिट पाहणाऱ्यालाही त्यात धरते. दुसरा, दर मिनिटाला सरासरी किती जण बसून होते. तिसरा, सगळ्या सामन्यांची बेरीज. फॉर्म्युला वननं २०२१ च्या हंगामासाठी जगभराची १५५ कोटींची बेरीज सांगितली होती. त्या वर्षी शर्यती २२ झाल्या. म्हणजे एका शर्यतीला सरासरी सात कोटी, आणि सगळ्या २२ बघणारा माणूस त्या बेरजेत २२ वेळा मोजलेला. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन हे दोन चालक समान गुणांवर होते, तिचा आकडा १०.८७ कोटी. हा खरा मोठा आकडा आहे, पण १५५ कोटींशी त्याची गल्लत करू नका. ऑलिंपिकचे आकडेही असेच सगळे खेळ आणि सगळे दिवस मिळून फुगवलेले असतात. त्यातलं अ‍ॅथलेटिक्स वेगळं काढल्याशिवाय तुलनेला काही अर्थ नाही.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. बार्कची यंत्रं पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत बसवलेली आहेत आणि ती टीव्ही संचावरचं चॅनेल मोजतात. मोबाईलच्या अ‍ॅपवर पाहिलेलं त्यात येत नाही. फॉर्म्युला वन २०२४ पासून भारतात फॅनकोड या मोबाईलच्या अ‍ॅपवर आलं, म्हणजे त्याचा प्रेक्षक टीआरपीत जवळपास दिसतच नाही. सोलापुरात एफ-वन कोण बघतं, असं विचारणाऱ्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमधले मोबाईल मोजलेले नसतात.

आता खेळांकडं. रेसिंगची खरी ताकद वेगात नाही, वेळापत्रकात आहे. मार्च ते डिसेंबर २४ शर्यती, दर वेळी तेच चालक, तेच संघ आणि एकच गुणतालिका. मागच्या रविवारी कोण कोणाला घासून गेला त्याचा हिशेब पुढच्या रविवारी चुकता होतो, त्यामुळं मधली एखादी शर्यत चुकलेला माणूसही परत येतो. लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीनं २०१७ मध्ये हा खेळ विकत घेतला, २०१९ पासून नेटफ्लिक्सवर पडद्यामागची मालिका सुरू झाली, आणि ज्यांना गिअर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं त्यांना चालकांची भांडणं तोंडपाठ झाली.

अ‍ॅथलेटिक्समध्ये हा धागाच तुटतो. जागतिक स्पर्धा दोन वर्षांनी, ऑलिंपिक चार वर्षांनी. मधल्या काळात डायमंड लीग असते, दर वेळी वेगळ्या शहरात भरणारी स्पर्धांची मालिका, २०१० पासून. पण तिच्या प्रत्येक ठिकाणी सगळे प्रकार नसतात आणि सगळे खेळाडूही नसतात. या गावात भालाफेक आहे तर पुढच्या गावात नाही. एवढ्या मोठ्या खेळाची ही हेळसांड मनाला लागते, कारण उणीव खेळात नाही, मांडणीत आहे. अमेरिकेचा जुना धावपटू मायकेल जॉन्सन यानं २०२५ मध्ये ग्रँड स्लॅम ट्रॅक काढून धावण्याची लीग बांधायचा प्रयत्न केला. तीन ठिकाणी स्पर्धा झाल्या, चौथी लॉस एंजेलिसची रद्द झाली, पैसे पुरले नाहीत. त्यात फेकीचे आणि उडीचे प्रकारच नव्हते, म्हणजे भारतीय प्रेक्षकाला बघायला जवळपास काहीच नव्हतं. त्याच अमेरिकेत नॅसकार या मोटार शर्यतीला २०२५ पासूनच्या सात वर्षांसाठी ७७० कोटी डॉलरचा टीव्ही करार मिळाला.

पडद्यावर दिसण्यातही फरक आहे. जत्रेच्या मैदानात एकाच वेळी चार-पाच कुस्त्या लागलेल्या असतात, बसलेला माणूस मान वळवून हवी ती जोड बघतो. टीव्हीवर ती मान दिग्दर्शकाच्या हातात जाते. अ‍ॅथलेटिक्सचं मैदान म्हणजे असाच फड. इकडं पंधराशे मीटर, तिकडं उंच उडी, मध्ये भाला. तुमच्या गिऱ्हाइकाला फक्त भाला बघायचा असतो आणि दिग्दर्शक शर्यतीचा शेवटचा फेरा दाखवत राहतो, मग फेक मागाहून रेकॉर्डेड दाखवतो. फॉर्म्युला वनमध्ये गाड्या वीस असोत की बावीस, शर्यत एकच असते. चित्रण खेळाचे मालकच करतात, प्रत्येक गाडीवर कॅमेरा, चालकाचं रेडिओवरचं बोलणं ऐकू येतं, डाव्या बाजूला सगळ्यांचा क्रम सतत दिसतो. मध्येच येऊन बसलेल्या माणसालाही अर्ध्या मिनिटात कळतं की कोण पुढं आहे.

पण दमाचं म्हणाल तर भाल्याच्या अंतिम फेरीसारखा ताण रेसिंगमध्ये क्वचित येतो. पॅरिस ऑलिंपिकची ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र घ्या. बारा खेळाडू, प्रत्येकाला तीन संधी, मग आठच उरणार आणि त्यांना आणखी तीन. दुसऱ्या फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर टाकला आणि त्याच फेरीत नीरजनं ८९.४५. नीरजच्या बाकी पाचही फेकी फाउल गेल्या. आपली प्रत्येक फेक म्हणजे काही सेकंद, आणि दोन फेकींमध्ये दहा-पंधरा मिनिटं. या मोकळ्या वेळात घरातला माणूस चॅनेल बदलतो, म्हणून मिनिटाची सरासरी खाली येते. हॉटेलातला माणूस मात्र त्या वेळात चहा मागवतो. तुमच्यासाठी टीव्हीची ही उणीव फायद्याची आहे.

दोन्हीकडं लोकप्रियता कशानं घसरते तेही लक्षात ठेवा. रेसिंग एकतर्फी झालं की घसरते. २०२३ मध्ये व्हर्स्टापेननं २२ पैकी १९ शर्यती जिंकल्या, आणि अमेरिकेतली सरासरी आदल्या वर्षीच्या १२ लाखांवरून ११ लाखांवर आली. अ‍ॅथलेटिक्सचं उलट असतं, तिथं एकतर्फी जिंकणारा असला तरच गर्दी होते. बोल्ट होता तोवर शंभर मीटर सगळं जग बघायचं. आपल्याकडं तर सगळा भार एक-दोन जणांवर आहे. बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांपर्यंत पोचला. मराठी माणसाला बघायला याहून चांगली शर्यत नाही, अडथळे, पाण्याची उडी, आठ मिनिटांत निकाल. पण २०२५ मध्ये गुडघ्याला दुखापत झाली आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो नव्हता. त्याच्यासाठी पडदा लावायचं ठरवलं असतं तर रात्र वाया गेली असती. म्हणून आदल्या दिवशी प्रवेशयादी बघितल्याशिवाय अ‍ॅथलेटिक्सची जाहिरात करू नका.

आता घड्याळ. सोलापूरच्या हिशेबानं हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. युरोपातल्या बहुतेक एफ-वन शर्यती तिकडच्या दुपारी तीनला सुटतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडं रविवारी संध्याकाळी साडेसहाला. इंग्लंडमधली सिल्व्हरस्टोनची साडेसातला. सिंगापूर साडेपाचच्या सुमारास, अबू धाबी साडेसहाला. जपानची सकाळी साडेदहाच्या सुमारास, नाश्त्याच्या गर्दीला जोडून. मायामी मात्र आपल्या मध्यरात्रीनंतर, ती सोडून द्या. शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची, दीड-दोन तासांत संपते, म्हणजे साडेआठला माणूस जेवायला मोकळा. मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची शर्यत, त्याहून सोपं. युरोपातली रविवारची शर्यत बहुधा साडेपाचला, पाऊण तासात निकाल, आणि ज्याच्या घरी मोटरसायकल आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. डायमंड लीगच्या युरोपातल्या रात्री मात्र आपल्याकडं साडेअकरा ते दीड, तेही बऱ्याचदा गुरुवार-शुक्रवारी. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत २०२३ मध्ये नीरजनं ८८.१७ मीटर टाकून सोनं घेतलं ते मध्यरात्रीच्या सुमारास. पॅरिसची भालाफेक ११.५५ ला. उलट टोकियो ऑलिंपिकची शनिवारी दुपारी साडेचारला होती. स्पर्धा पूर्वेला असेल तर अ‍ॅथलेटिक्स तुमच्या धंद्याच्या वेळेत येतं, पश्चिमेला असेल तर येत नाही.

रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. म्हणून उशिराच्या भाल्याच्या रात्री अंगण बंद, आत टीव्ही, आवाज टीव्हीचाच, आणि हॉटेल किती वाजेपर्यंत उघडं ठेवता येतं ते पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या.

अंगणातल्या प्रोजेक्टरचं गणित: जूनमध्ये आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेसहाची शर्यत सुटते तेव्हा पडद्यावर काही दिसणार नाही, आणि शर्यतीतला सगळ्यात चांगला भाग म्हणजे पहिला फेराच. तो पहिला पाऊण तास आत ५५ किंवा ६५ इंची टीव्हीवर दाखवा, सव्वासातनंतर बाहेर चला. डिसेंबरात अबू धाबीला ही अडचण नाही, सहापर्यंत अंधारतं. सप्टेंबरच्या रविवारी छताशिवाय पडदा लावू नका, सोलापूरला पाऊस त्याच महिन्यात जास्त. प्रोजेक्टर घेताना मूळ रेझोल्यूशन १९२० बाय १०८० आहे ना ते बघा. स्वस्तातल्या यंत्रावर 'फुल एचडी सपोर्ट' लिहिलेलं असतं आणि आतलं चित्र निम्म्याहून कमी असतं. मग डाव्या पट्टीवरची चालकांच्या नावांची तीन-तीन अक्षरं वाचता येत नाहीत, आणि ती वाचता आली नाहीत तर नवख्याला शर्यत म्हणजे नुसत्या पळणाऱ्या गाड्या. अंधारात शंभर इंची पडद्याला खरे ३००० ल्यूमेन (उजेडाचं माप) पुरतात.

नेट वायफायनं घेऊ नका. राउटरपासून लॅनची वायर ओढा, त्या ओळीवर १० एमबीपीएस तरी सलग मिळालं पाहिजे, आणि गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं ठेवा. एका शर्यतीला पाच-सहा जीबी जातात. राउटर आणि प्रोजेक्टर दोन्ही यूपीएसवर हवेत. लाइट मिनिटभर गेली तर राउटर चालू होऊन परत जोडला जाईपर्यंत तीन-चार मिनिटं जातात, आणि प्रोजेक्टरचा गरम दिवा लगेच पेटत नाही.

परवानगीचं टाळू नका. अ‍ॅपची वर्गणी घरगुती वापरासाठी असते, हॉटेलात दाखवायला कंपनीला लिहून संमती मागा. केबल किंवा डिशचं कनेक्शनही व्यावसायिक घ्या. प्रक्षेपणाचे हक्क हंगाम बदलला की हात बदलतात, म्हणून वर्षाची वर्गणी भरण्याआधी त्या वर्षी कुठं दिसणार ते पक्कं करा.

एफ-वनच्या पहिल्या दोन-तीन रविवारी फळ्यावर एवढंच लिहा: लाल पट्टीचं टायर मऊ आणि वेगवान पण लवकर झिजतं, पिवळं मधलं, पांढरं कडक आणि टिकाऊ. कोरड्या शर्यतीत यातली दोन तरी वापरावीच लागतात, म्हणून सगळे निदान एकदा पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, येतात. हे कळलं की 'पुढचा अचानक मागं कसा गेला' हा प्रश्न कोणी विचारत नाही.

ऑलिंपिकसाठी मात्र वेगळी तयारी. २००७ च्या कायद्यामुळं राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, ऑलिंपिक त्यात येतं, फॉर्म्युला वन येत नाही. म्हणून डीडी फ्री डिशचा डबा आणि छत्री एकदाच बसवून ठेवा, त्याला महिन्याचं भाडं नाही. अ‍ॅपवर भालाफेकीचा स्वतंत्र फीड मिळाला तर चित्र म्हणून तो चांगला, बाकीच्या शर्यती मध्ये येत नाहीत. पण अ‍ॅप थेट घटनेच्या तीस-चाळीस सेकंद मागं असू शकतं. नीरज पळत सुटायच्या आत कोपऱ्यातल्या टेबलावर एखाद्याच्या मोबाईलवर अंतर येऊन पडतं आणि तो ओरडतो. त्यामुळं त्या रात्री दोन्ही आधी शेजारी शेजारी लावून बघा, आणि जे पुढं असेल तेच मोठ्या टीव्हीला जोडा.