‘व्हेजिटेरियन आहे का?’ विचारू नका, पान शोधा : डिस्ने वर्ल्ड आणि आपलं जेवण

तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरअखेर पुण्याहून आलेले सासू-सासरे आणि दोन मुलं घेऊन पाच दिवस ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्डला जायचंय. सासू-सासरे अंडंही खात नाहीत, सासूबाईंची संकष्टी असते. आणि कुणीतरी सांगितलंय की तिथे फ्राइज आणि पिझ्झ्यावरच दिवस काढावे लागतात, म्हणून रेडी-टू-ईटची पाकिटं बॅग भरून न्या.

पाकिटं चार घ्या, बॅगभर नकोत. आम्ही अटलांटात राहतो, गाडीने साडेसहा-सात तासांत ऑर्लँडो. गेल्या बारा वर्षांत सहा वेळा जाणं झालं, त्यातल्या तीन खेपांना माझे सासू-सासरे बरोबर होते. शेवटच्या खेपेला सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, “इथे पोटाची काळजी नाही.” पहिल्या खेपेला मात्र त्यांचे हाल झाले होते, ते आधी सांगते.

पहिल्या खेपेला वाटेवरच्या एका रेस्टॉरंटात (नाव नको) मी विचारलं, राइस अँड बीन्स व्हेजिटेरियन आहे ना? वेटर म्हणाला, हो, अगदी. सासूबाईंनी अर्धी वाटी भात खाल्ला. मग शेजारच्या टेबलावर तोच भात देताना तो सांगत होता की आमचा भात चिकन स्टॉकमध्ये, म्हणजे कोंबडी उकळलेल्या पाण्यात शिजवतात, म्हणून इतका चविष्ट लागतो. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला, पाणी प्यायल्या आणि रात्रीपर्यंत काही खाल्लं नाही. त्या पोऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. ताटात मांसाचा तुकडा नाही म्हणजे व्हेजिटेरियन, असा तिकडे पुष्कळांचा समज असतो.

म्हणून पहिली गोष्ट: डिस्नेच्या मेनूत पदार्थापुढे हिरव्या पानाची खूण शोधा. २०१९पासून ही खूण आली. पान म्हणजे त्यात मांस-मासे तर नाहीतच, दूध, अंडं, मधही नाही. आपल्याला दूध चालतं, त्यामुळे हे गरजेपेक्षा कडक आहे. पण अंडं आणि स्टॉक हे दोन्ही प्रश्न एका फटक्यात सुटतात. आधी पानवाला पदार्थ ठरवायचा आणि मग त्यावर चीज किंवा सावर क्रीम मागायचं. फोनवर माय डिस्ने एक्सपीरियन्स अ‍ॅपमध्ये सगळे मेनू दिसतात, बहुतेक काउंटरवरच्या जेवणाची ऑर्डरही तिथूनच देता येते. मी आदल्या रात्री हॉटेलवर सासूबाईंच्या शेजारी बसून मेनू वाचून दाखवायचे. सकाळी उन्हात रांगेत उभं राहून तेच करण्यापेक्षा हे फार बरं पडतं.

एक सावधगिरी. पानवाल्या पदार्थांत पुष्कळदा इम्पॉसिबलसारखं, मांसासारखं दिसणारं आणि तसंच लागणारं वनस्पतीचं ‘मांस’ असतं. तरुण मंडळी आवडीने खातात. आमच्या सासऱ्यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. शंभर टक्के शाकाहारी आहे हे त्यांना पटलं होतं, पण तोंडात जायला तयार नव्हतं. त्यांना समजावत बसू नका. कडधान्यं, टोफू (सोयाबीनचं पनीर), भाज्या, हमस (काबुली चण्यांची चटणी) असलेलंच मागवा.

पान नसेल तिथे ‘व्हेजिटेरियन का’ हा प्रश्न सोडा आणि नेमकं विचारा. भातात, सूपमध्ये चिकन किंवा बीफ स्टॉक आहे का? बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी आहे का? सॉसमध्ये फिश सॉस आहे का? सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात, ते सॅलड सोडूनच द्या. फ्राइज त्याच तेलात तळतात का जिथे चिकनचे तुकडे तळलेत? आणि मुलांसाठी: मिकीच्या आकाराचे राइस क्रिस्पी ट्रीट प्रत्येक दुकानात डोळ्यांसमोर मांडलेले असतात, त्यात मार्शमेलो असतो आणि मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ. मिकी वॉफलमध्ये अंडं. हे मुलांना घरूनच सांगून न्या, दुकानात रडारड होत नाही. बसून जेवायच्या ठिकाणी बुकिंग करतानाच आहार लिहून ठेवा आणि टेबलावर गेल्यावर शेफशी बोलायचंय म्हणून सांगा. शेफ खरंच बाहेर येतात. कांदा-लसूण चालत नाही हेही त्यांना सांगता येतं, फक्त ‘अनियन, गार्लिक’ एवढे दोन शब्द सरळ सांगा, धार्मिक कारण समजावत बसू नका.

आता जागा. सगळ्यांत आधी सनाचं बुकिंग करा. अ‍ॅनिमल किंग्डम लॉज या डिस्नेच्या हॉटेलाच्या किडानी व्हिलेज या इमारतीत सना नावाचं रेस्टॉरंट आहे. स्वाहिलीत सना म्हणजे कला. आफ्रिकन पद्धतीचं जेवण, त्यात आपले मसाले. हे काही उगीच जुळवलेलं नाही. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली, त्यासाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले, आणि किनाऱ्यावर गुजराती व्यापारी तर त्याच्याही आधीपासून होते. केनियात आजही चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. सासऱ्यांना मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं आणि परक्या देशातलं ते जेवण त्यांना एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

तिथे ब्रेड सर्व्हिस मागवा. नान, आलं-लसणाचा नान, मसाला नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा, आणि त्याबरोबर नऊ छोट्या वाट्या: काकडीची कोशिंबीर, कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, आंब्याची चटणी, लसणीचं लोणचं, हालापिन्यो मिरची-लिंबाचं झणझणीत लोणचं, लाल मिरचीचा सांबल, टोमॅटो-खजुराचा जॅम, भाजलेल्या ढोबळ्या मिरचीचं हमस. सासूबाईंनी लसणीचं लोणचं बोटाने चाटून पाहिलं आणि म्हणाल्या, “मोहरी जरा कमी आहे, पण मुरलंय छान.” चार दिवस अळणी खाल्ल्यानंतर त्यांना लोणचं मिळालं होतं, त्यांचा चेहराच बदलला. नानच्या पिठात अंडं आहे का, हे त्या दिवशी शेफला विचारून घ्या, पाककृती बदलत असते. खिडकीबाहेर गवताळ मैदान आहे, जिराफ आणि झेब्रे अगदी जवळून चरत जातात. मुलं जागची हलली नाहीत.

हे हॉटेल आहे, पार्क नव्हे, त्यामुळे तिकीट लागत नाही. ज्या दिवशी तिकीट नाही किंवा ज्या दिवशी पोचता, तो दिवस सनाला द्या. अ‍ॅनिमल किंग्डम पार्कातून तिथे डिस्नेची बसही जाते.

त्या पार्कातच, ‘अवतार’ सिनेमावर बेतलेल्या पँडोरा भागात, सातूली कँटीन आहे. काउंटरवरचं जेवण, पण मला सगळ्या पार्कांत तेच सर्वांत आवडतं. वाडग्यात खाली भात-बीन्स किंवा नूडल्स यातलं काय हवं ते आपण निवडायचं, वर तिखट मसाल्यातला कुरकुरीत टोफू आणि आवडीचा सॉस. आमच्या वाडग्यावर पारदर्शक, टपोऱ्या गोळ्या होत्या. सासूबाईंनी वाडगा जवळ घेतला, वाकून बघितलं आणि लांब ठेवला. “ही माशाची अंडी.” दिसतात खरी तशी. त्या बोबाच्या गोळ्या असतात, आत फळाचा रस. मी एक चमच्यात घेऊन फोडून दाखवली, मग त्यांनी खाल्लं. तुम्ही आधीच सांगून ठेवा, किंवा गोळ्यांशिवाय मागवा.

एपकॉट या डिस्नेच्या दुसऱ्या पार्कात तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. भारताचं नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पण जेवणाची ददात नाही. इटलीत व्हिया नापोलीमध्ये लाकडावर भाजलेला पिझ्झा मिळतो. तिथल्या तीन भट्ट्यांना एटना, व्हेसुव्हियस आणि स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखींची नावं दिली आहेत. मार्गेरिटा घ्या आणि चिली फ्लेक्स मागा. कडक शाकाहारी माणसाला चीजमधलं प्राणिज रेनेटही (वासराच्या जठरातून काढलेलं, दूध घट्ट करायचं विरजण) चालत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर ते आधी विचारा. जपानमध्ये जपून, तिथे रश्शात दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो. चीनमधल्या भातात अंडं आहे का, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. डिसेंबरात एपकॉटमध्ये सणांचा महोत्सव असतो, छोट्या टपऱ्यांवर थोडं थोडं खायला मिळतं, तिथेही पान बघायचं.

सासऱ्यांना शेतीची आवड असेल तर एपकॉटच्या लँड दालनातली बोटीची सफर चुकवू नका. काचघरांमधून बोट जाते. मातीविना वाढणारी झाडं, दोरीवर लटकलेले भोपळे, वेलांसारखे पसरलेले टोमॅटो. तिथे पिकलेला काही माल वरच्या गार्डन ग्रिल या फिरत्या रेस्टॉरंटात वापरतात. चिप आणि डेल ही डिस्नेची खारीसारखी कार्टून पात्रं टेबलापाशी येतात आणि शाकाहारी ताट सांगितलं की वेगळं आणून देतात. मुलांसाठी पात्रांबरोबरचं एक जेवण करायचंच असेल तर हेच करा. बुफेवाली टाळा. दर मोठ्या माणसामागे पैसे सारखेच आणि आपल्या आजी-आजोबांच्या ताटात सॅलड आणि फळं.

मॅजिक किंग्डम या पार्कात निवड सर्वांत तोकडी आहे. स्किपर कँटीनमध्ये आशियाई, आफ्रिकी चवीचे पानवाले पदार्थ मिळतात, तिथे बसून जेवा. दिवसाचं बाकीचं खाणं घरच्या डब्यावर. हॉलिवुड स्टुडिओज या चौथ्या पार्कात वुडीज लंच बॉक्स या काउंटरचं ग्रिल्ड चीज सँडविच मुलांना पुरतं. स्टार वॉर्सच्या भागातलं निळं आणि हिरवं दूध हे नारळ आणि तांदळाचं असतं, गाईचं नव्हे. गोड आणि गारेगार.

डब्याची चिंता करू नका, डिस्नेत बाहेरचं खाणं चालतं. काचेची भांडी आणि दारू नको, कूलर २४ × १५ × १८ इंचांपेक्षा मोठा नको, सुटा बर्फ नको. (ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कला गेलात तर तिथे नियम जास्त कडक आहेत, किरकोळ खाऊ चालतो, डबे नाहीत.) मी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची कोरडी चटणी आणि भडंग नेते. थेपले चालतात, पण दशम्या तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात. जिथे सोड्याची मशीन आहे, त्या कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका. डिस्नेच्या हॉटेलखोलीत फ्रिज असतो आणि स्वस्त हॉटेलांमध्ये मायक्रोवेव्ह खालच्या फूड कोर्टमध्ये. पाकिटं तिथे रात्री गरम होतात, म्हणून चार पुरतात. सहा माणसं आहात, तर डिस्नेजवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेण्याचाही विचार करा. सकाळी पोहे आणि चहा घरचा मिळाला की मोठी माणसं दिवसभर खूश असतात.

संकष्टीचं. चंद्रोदयाची वेळ ऑर्लँडोची बघा, पुण्याच्या कॅलेंडरातली नाही; तिथीसुद्धा इकडे कधी कधी एक दिवस आधी येते. साबुदाण्याची खिचडी नेऊ नका, गार झाली की गोळा होतो. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, उपवासाचा बटाट्याचा चिवडा, केळी. आणि मॅजिक किंग्डममध्ये अलोहा आइलला अननसाचं डोल व्हिप हे मऊ आइस्क्रीमसारखं मिळतं, त्यात दूधही नसतं. सासूबाईंनी त्या दिवशी दोन खाल्ली.

त्या रात्री आम्ही मेन स्ट्रीटवर उभे होतो. किल्ल्यावर आतषबाजी संपली, धूर निवळायला लागला, आणि उजव्या हाताला, टुमॉरोलँडच्या दिशेने, म्हणजे पूर्वेला, तांबूस चंद्र वर आला. माणसं दरवाजाकडे निघाली होती. सासूबाई एका झाडापाशी गेल्या, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं, चंद्राकडे बघून बुंध्यात सोडलं आणि नमस्कार केला. मग कठड्यावर बसून आम्ही डबा उघडला. दशमी, बटाट्याची भाजी, आणि मोदक नव्हते म्हणून एक बेसनाचा लाडू.

रेस्टॉरंटांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, डिस्नेच्या हॉटेलात राहणार असाल तर पहिल्या दिवसाबरोबर पुढच्या दिवसांचंही एकदम करता येतं. तुमचा आठवडा वर्षातला सर्वांत गर्दीचा आहे, बुकिंग उघडेल त्या दिवशी सकाळी लवकर उठून आधी सना, मग व्हिया नापोली, मग गार्डन ग्रिल, या क्रमाने घ्या. आणि सनाचं दुपारचंच घ्या. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला अंधारून येतं, मग मुलांना जिराफ दिसायचे नाहीत.